नावाची रॅले
(शर्यतीची जुनी पोलादी सायकल : ओळख आणि डागडुजी)

द्वितीय वर्ष, वाणिज्य

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने सायकलीवर लेख का लिहावा, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. हे काम यंत्रशाळेतल्या मुलांचे, आम्ही आपले जमाखर्च लिहावेत, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत एका जुन्या सायकलीने मला हिशेबतपासणीचा जो धडा दिला तो पुस्तकातून इतक्या नीट उमगला नव्हता. म्हणून हा लेखनप्रपंच.

माझे घर आदिलाबादचे. २०१६ साली जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले, तरी आमचे गाव आदिलाबादेतच राहिले. पैनगंगा ओलांडली की पलीकडे यवतमाळ जिल्हा. बाजारात तेलुगू, घरात मराठी, आणि माझे दहावीपर्यंतचे शिक्षणही मराठी माध्यमाच्या शाळेतच झाले. आई मात्र विजापूरकडची, तिची माहेरची भाषा कन्नड. त्यामुळे आजोळी गेलो की जीभ आपोआप वळते. आपल्या अंकाच्या दोन्ही विभागांत कोणाशी बोलताना मला अडचण पडत नाही, ती आईच्या कृपेने.

आमच्या घरामागच्या कोठीत, कापसाच्या जुन्या बोऱ्यांच्या वर, दोन खुंट्यांना एक सायकल टांगलेली होती. वाकडे हँडल, पातळ चाके, दहा गिअर, आणि खालच्या नळीवर इंग्रजी अक्षरांत ‘रॅले’ असे नाव. ती माझ्या मोठ्या मामांची. तरुणपणी ते विजापूर-बागलकोट भागात जत्रेतल्या शर्यतींत भाग घेत. आईच्या लग्नानंतर ती रेल्वेने मुदखेडमार्गे आदिलाबादला आली आणि खुंटीवर चढली. ‘विलायती आहे, साठ सालची आहे,’ हे घरात इतक्या वेळा बोलले गेले होते की त्यावर कोणी शंका घेत नसे.

यंदा बाबांच्या जिनिंग कारखान्यातल्या पगाराला उशीर होत होता आणि माझी फी भरायची होती. आतेभावाने सायकलीचा फोटो हैदराबादच्या एका हौशी गृहस्थांना पाठवला. त्यांचा निरोप आला की खरी इंग्लंडची रॅले आणि ५३१ नळीची असेल तर अठरा हजार रुपये देईन. फोटोवर त्यांचा विश्वास बसला होता. आम्ही ‘होय’ म्हटले असते तर पैसे आले असते. बाबा एवढेच म्हणाले, “आधी पुसून-बिसून बघ, आणि काय आहे ते नीट सांग त्यांना.” तेव्हा मी कामाला लागलो.

एकाच नावाचे अनेक जन्म

पहिली गोष्ट ध्यानात ठेवावी ती अशी : सायकलीवरचे नाव हा पुरावा नव्हे. रॅले कंपनी मूळची इंग्लंडातील नॉटिंगहॅमची, हर्क्युलिस आणि बी.एस.ए. बर्मिंगहॅमच्या. परंतु स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले आणि हीच नावे भारतात तयार होऊ लागली. १९४९ साली मद्रासला टी.आय. सायकल्सचा कारखाना निघाला, तेथे हर्क्युलिस आणि पुढे बी.एस.ए. बनू लागल्या. बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅलेचा कारखाना होता. तो पुढे सरकारकडे गेला आणि नंतर बंद पडला. अस्सल देशी नावेही होती : मुंबईत हिंद सायकल, सोनीपतला १९५१ पासून अॅटलस, लुधियानाला १९५६ पासून हीरो. यांतील अॅटलसचा शेवटचा मोठा कारखाना, साहिबाबादचा, २०२० साली नेमका ३ जूनला, म्हणजे जागतिक सायकल दिनीच बंद झाला.

तात्पर्य, ‘रॅले’ हे नाव नॉटिंगहॅमचे असू शकते, आसनसोलचे असू शकते, किंवा रंगाऱ्याच्या दुकानातल्या चिकटचित्राचेही असू शकते. आपण वाणिज्याचे विद्यार्थी खातेवहीतल्या नोंदीवर समाधान मानत नाही, व्हाउचर मागतो. सायकलीचे व्हाउचर म्हणजे तिची मापे.

मापे काय सांगतात

माझ्याजवळ एक व्हर्नियर कॅलिपर, एक पोलादी पट्टी आणि टॉर्च एवढेच साहित्य होते.

पहिले माप बैठकीच्या दांड्याचे. शर्यतीच्या उत्तम सायकलींसाठी बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीने १९३५ साली ‘५३१’ या क्रमांकाची मँगेनीज-मॉलिब्डेनम पोलादाची नळी बाजारात आणली. त्या कंपनीच्या आल्फ्रेड रेनॉल्ड्स यांनी १८९७ सालीच एक युक्ती शोधली होती : नळीची भिंत टोकांना जाड, मध्ये पातळ. जोडाच्या ठिकाणी, जेथे उष्णता आणि ताण दोन्ही सोसायचे, तेथे पोलाद जास्त. मधल्या भागात कमी. बाहेरून हा फरक दिसत नाही. पण बैठकीचा दांडा नळीच्या आत शिरतो, म्हणून तो भिंतीची जाडी उघड करतो. हिशेब सोपा आहे. बैठकीच्या नळीचा बाहेरचा व्यास बहुतेक इंग्लिश सायकलींत २८.६ मि.मी. असतो. ५३१ च्या चांगल्या चौकटीत दांडा २७.२ मि.मी. बसतो. वजाबाकी १.४, तिचे निम्मे ०.७, म्हणजे भिंत साधारण तेवढीच पातळ. माझा दांडा भरला २५.४ मि.मी. वजाबाकी ३.२, निम्मे १.६. भिंत दुपटीहून जाड! साधी, जड नळी.

दुसरे माप पेडलच्या आसाच्या कपाचे. ज्या आडव्या नळकांड्यात हा आस फिरतो त्याच्या दोन्ही तोंडांना आट्यांचे कप असतात. सर्वसाधारण इंग्लिश प्रमाण असे की नळकांडे ६८ मि.मी. रुंद आणि इंचाला २४ आटे. इटालियन सायकलीत नळकांडे ७० मि.मी. आणि कपाचा व्यास ३६ मि.मी. नॉटिंगहॅमच्या रॅलेने मात्र आपल्या नेहमीच्या सायकलींसाठी दीर्घकाळ इंचाला २६ आट्यांचे स्वतंत्र प्रमाण चालवले. तिच्या उंची शर्यती सायकलींत २४ आटे सापडतात, पण त्यांत नळी पातळ असते आणि दांडा २७.२ च्या आसपास. माझ्या कपावर पट्टी धरून मोजले : २४ आटे. म्हणजे साध्या रॅलेचे आटे नाहीत आणि उंची रॅलेची नळी नाही. दोन व्हाउचरे एकमेकांशी जुळत नव्हती.

तिसरी खूण मागच्या चाकाचा आस जेथे अडकतो तेथील. उत्तम सायकलीत हा भाग तापवून, ठोकून घडवलेला, जाड आणि बहुधा कारखान्याचे नाव कोरलेला असतो. साध्या सायकलीत तो पत्रा कापून केलेला असतो. माझा पत्र्याचा. दोन पत्र्यांमधले अंतर १२० मि.मी., म्हणजे मागे पाच दात्यांच्या चकत्यांची सोय. सहा-सात चकत्यांच्या सायकलीत ते १२६ असते.

चौथी खूण चाकाची. टायरच्या कडेवर २७ × १¼ असे लिहिले होते. रिमवर टायरची कड जेथे बसते तेथील व्यास या मापात ६३० मि.मी. असतो. हल्लीच्या ७०० सी चाकाचा ६२२, आणि आपल्या दूधवाल्याच्या उभ्या सायकलीचा, म्हणजे २८ × १½ चा, ६३५. आठ आणि पाच मिलिमीटरचे फरक, पण दुकानदाराने चुकीचा टायर दिला तर तो चढतच नाही किंवा चढून निसटतो.

पाचवी खूण साल. जपानी शिमानो कंपनीच्या सुट्या भागांवर १९७६ पासून दोन अक्षरांचा संकेत येतो. पहिले अक्षर वर्षाचे, दुसरे महिन्याचे. ए म्हणजे १९७६. माझ्या गिअरच्या पाठीवर ‘जी’ आणि ‘डी’ अशी अक्षरे निघाली, म्हणजे एप्रिल १९८२. इंग्लंडच्या स्टर्मी-आर्चर हबवर साल आणि महिना आकड्यांतच ठोकलेले असतात. इटलीच्या कँपान्योलो कंपनीच्या काही गिअरवर ‘पॅट. ७२’ असे कोरलेले दिसते, त्यातले ७२ हे साल. परंतु येथे सावध राहावे. सुट्या भागाचे साल हे त्या भागाचे असते, चौकटीचे नव्हे. जुन्या फायलीत नवी पावती टाचली म्हणून फाईल नवी होत नाही, आणि उलटही नाही.

शेवटी वजन. बाबांच्या ओळखीच्या व्यापाऱ्याच्या कापूस तोलण्याच्या काट्यावर सायकल टांगली. साडेचौदा किलो. ५३१ ची शर्यती सायकल दहा किलोच्या आसपास भरते.

मिस्त्रीचाचांचा हात

सायकल खोलण्याचे काम मी बसस्थानकाजवळच्या एका वृद्ध मिस्त्रींच्या दुकानात केले. चाचा मराठी, तेलुगू आणि दख्खनी अशा तिन्ही भाषांत रागावतात. डाव्या बाजूचा कप मी नेहमीसारखा डावीकडे फिरवून काढला. चेनच्या बाजूचा कपही तसाच फिरवू लागलो. पाना जोरात दाबणार तोच त्यांनी मनगट धरले. “उलटे आटे आहेत, बेटा. हा घट्ट होतो तसा.” इंग्लिश पद्धतीत चेनकडच्या कपाचे आटे डावे असतात; तो सैल करायला घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवावा लागतो. इटालियन पद्धतीत दोन्ही कपांचे आटे उजवेच. हे न ओळखता जोर लावला तर आटे जातात आणि चौकट कायमची निकामी होते.

क्रँकला आसाशी जखडणारी कॉटर काढतानाही असेच. नट पूर्ण काढून हातोडा मारला तर कॉटरचे आटे पसरतात. नट टोकाशी सपाट येईल इतकाच सैल करावा, क्रँकखाली लाकडाचा ठोकळा भक्कम टेकवावा, आणि एकच नेमका घाव घालावा. दहा लहान घावांनी कॉटर वाकते.

छर्रे काढताना खाली परात ठेवावी आणि मोजावेत. सामान्यतः पेडलच्या आसाला प्रत्येक बाजूस पाव इंची ११, मागच्या हबला पाव इंची ९, पुढच्या हबला तीन-सोळांश इंची १०. छर्रे स्वस्त असतात, ते सरसकट नवे घालावेत. कपात मात्र खड्डे पडले आहेत का ते नखाने चाचपावे. आमच्या काळ्या जमिनीतला चिखल वाळला की पिठासारखा होतो आणि ग्रीसमध्ये मिसळून लोखंड खातो. माझ्या पुढच्या हबात काळी माती आणि सरकीचे तंतू मिळून वातच तयार झाली होती!

चेन तपासायला पट्टी पुरते. नव्या चेनच्या बारा पूर्ण कड्या बरोबर बारा इंच भरतात. त्या बारा आणि एक-सोळांश इंच भरल्या की चेन टाकून द्यावी, नाहीतर ती चकत्यांचे दातही खाते.

रंगाविषयी माझे मत ठाम झाले आहे. जुन्या सायकलीला पुन्हा रंग देण्याची घाई करू नये. रंग हा पुरावा असतो. साबणाच्या पाण्याने धुवावे, कोरडे करावे, मेणाचा हलका हात द्यावा. क्रोमवरचा गंज अॅल्युमिनियमच्या पातळ वर्खाचा बोळा पाण्यात भिजवून घासला तर बराचसा निघतो आणि ओरखडे पडत नाहीत. पातळ नळीवर वाळूचा मारा तर कधीच करू नये.

माझ्या सायकलीच्या डोक्याच्या नळीवर एक टवका उडालेला होता. टॉर्च धरून पाहिले तर रंगाचे तीन थर दिसले : वर निळा, मध्ये तांबडा, तळाशी काळा. आणि ‘रॅले’चे चिकटचित्र सर्वांत वरच्या निळ्यावर होते. आता शंका उरली नाही.

जे आधी पाहायला हवे होते

आता माझी चूक सांगतो. चौकट नीट तपासण्याआधीच मी खर्च केला. टायर-ट्यूब हैदराबादहून मागवल्या, १,३४० रुपये. चेन ३२०, ब्रेकच्या तारा व रबरे २१०, छर्रे आणि ग्रीस १४०, धुण्यासाठी डिझेल ९०, चाचांची मजुरी ३००. एकूण २,४०० रुपये. सगळे बसवून झाले, आणि संध्याकाळी चाचांनी सहज पुढच्या जोडामागे, खालच्या नळीच्या पोटाशी अंगठा फिरवला. ते थांबले. माझा अंगठा तेथे नेऊन ठेवला. नळीवर एक बारीक फुगवटा होता, दिसत नव्हता पण हाताला लागत होता. मग बाजूने पाहिले. चिमटा डोक्याच्या नळीच्या सरळ रेषेत न राहता किंचित मागे सरकलेला होता.

याचा अर्थ एकच. सायकल कधीतरी समोरून जोरात आदळली होती. अशा ठिकाणी पोलाद दबते, पुढे तेथेच तडा जातो, आणि उतारावर चौकट तुटली तर स्वार तोंडावर पडतो. म्हणून वाचकांनी क्रम लक्षात ठेवावा : आधी दोन्ही लांब नळ्यांचे पोट चाचपावे, चिमट्याची रेषा पाहावी, जोडांवर केसासारखी रेघ आहे का पाहावे, आणि मगच पहिला रुपया खर्च करावा. मी २,४०० रुपये घालवल्यावर मनात आले की एवढे केले आहे तर विकूनच टाकावी. पण हा बुडीत खर्च होता, आणि बुडीत खर्च पुढच्या निर्णयात धरू नये हे आम्ही परीक्षेत पाच गुणांसाठी लिहितो.

मामांशी बोलणे

त्या रात्री मामांना फोन केला. ही गोष्ट त्यांना सांगणे मला गिऱ्हाइकाला सांगण्यापेक्षा अवघड वाटत होते. ज्या सायकलीचा आयुष्यभर अभिमान धरला ती विलायती नाही, हे भाच्याने कसे सांगावे? मी मापे सांगत गेलो, ते ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, “ननग गोत्तित्तप्पा.” म्हणजे, मला ठाऊक होतं रे.

मग त्यांनी सर्व सांगितले. चौकट देशी, सोलापुरातून जुनी घेतलेली. गिअर मुंबईच्या बाजारातून एका मित्राने आणून दिला. शर्यतीला येणारी शहरातली मुले त्यांच्या सायकलीला हसत, म्हणून रंगाऱ्याकडून निळा रंग आणि ते नाव लावून घेतले. “नाव लावल्यावर हसणं थांबलं. पाय माझेच होते.” त्या साडेचौदा किलोच्या सायकलीवर ते जत्रेच्या शर्यतीत एकदा दुसरे आले होते. फुगवट्याबद्दल विचारले तेव्हा थोडे थांबून म्हणाले की अंधारात उसाच्या गाडीवर आदळलो, घरी सांगितले नाही, आणि त्यानंतर शर्यत सोडली. ही गोष्ट आईलाही ठाऊक नव्हती. ती शेजारी उभी राहून ऐकत होती. तिने फोन हातात घेतला आणि पुढचा अर्धा तास बहीणभावंडे कन्नडमधून भांडली.

दुसऱ्या दिवशी हैदराबादच्या गृहस्थांना मी सर्व मापे, रंगाच्या थरांचा फोटो आणि फुगवट्याची जागा कळवली. त्यांनी आभार मानले आणि सुट्या भागांसाठी तीन हजार देऊ केले. बाबांनी निर्णय माझ्यावर सोपवला. मी नाही म्हटले. फी दोन हप्त्यांत भरायची सवलत मिळाली. पहिला हप्ता बाबांनी उचल घेऊन भरला. दुसऱ्यासाठी दिवाळीच्या सुटीत, कापसाचा हंगाम सुरू झाला तेव्हा, एका व्यापाऱ्याकडे तोलाच्या पावत्या लिहिल्या. अठरा हजारांचा मोह मुळीच झाला नाही असे मी म्हणणार नाही. झाला होता, आणि एक दिवस टिकलाही होता.

उपसंहार

सायकल पुन्हा त्याच खुंट्यांवर आहे, पण चाके मोकळी फिरतात. बैठकीखाली मी एक चिठ्ठी बांधली आहे : चौकट देशी, गिअर एप्रिल १९८२, खालची नळी दबलेली, चालवू नये. ‘रॅले’चे नाव मात्र काढले नाही. मामांनीच तसे सांगितले. ते नाव कारखान्याविषयी खोटे असले तरी सायकलीच्या इतिहासात त्याची नोंद खरी आहे. ती खोडण्यापेक्षा तिच्याखाली खुलासा लिहिणे हीच हिशेबाची योग्य रीत.

मित्रहो, पुण्यात कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचे जुन्या सायकलींचे संग्रहालय आहे. संधी मिळाली तर ते अवश्य पाहावे. पण त्याआधी आपल्या घरची कोठी, गोठा किंवा माळा पाहावा. आपल्या या दोन भाषांच्या मुलखात आजोबा-मामांच्या कितीतरी सायकली गंजत पडल्या असतील. एखादी सापडली तर तिचे नाव वाचून थांबू नका. दांड्याचे माप घ्या, आटे मोजा, नळीच्या पोटावरून अंगठा फिरवा. आणि ज्यांची ती सायकल आहे ते हयात असतील तर कागद-पेन्सिल घेऊन त्यांच्याशेजारी बसा. कॅलिपरने मला चौकट देशी आहे एवढेच सांगितले. ती चौकट कोणी आणि का पळवली, हे सांगायला मामाच लागले.